बेसुरांचे बुवा

एक गंभीर निवेदन. गाण्याच्या परीक्षा दिलेल्यांनी, तंबोरा जुळवता येणाऱ्यांनी आणि दुसऱ्याचा सूर हलला की कपाळाला आठ्या घालणाऱ्यांनी कृपया आधी खाली बसून घ्यावं. मी संपूर्ण शुद्धीत, सकाळचा चहा झालेला असताना, बायकोच्या देखत जाहीर करतो की बेसूर गाण्याची खरी किंमत कळलेला माणूस या पृथ्वीतलावर एकच आहे, आणि तो ऑकलंडमधल्या हिल्सबरोत, आमच्या कुंपणाच्या पलीकडे राहतो. मूळचा फिनलंडचा. पेशाने संगीतकार. सिनेमाचा नव्हे. ज्याला स्टेजभर माणसं आणि ट्रकभर वाद्यं लागतात, जे लोक डोळे मिटून ऐकतात आणि थांबल्यावर शेजाऱ्याकडे बघून ‘संपलं ना?’ अशी खात्री करून मगच टाळ्या वाजवतात, त्या संगीताचा. तिकडे युरोपात त्यांच्या नावाला मोठा मान आहे म्हणतात. आमच्या घरात ते नाव कोणालाच उच्चारता येत नाही. त्यात इतके स्वर एकापुढे एक उभे आहेत की मधे श्वास घ्यावा लागतो. मी एकदा प्रामाणिकपणे प्रयत्न केला, तर बायकोने आतून विचारलं, “जांभई आली का रे?” तेव्हापासून आपल्याकडे गाण्यातल्या माणसाला जे म्हणतात तेच आम्ही म्हणायला लागलो, ‘बुवा’. आता ऑकलंडचं अख्खं मराठी मंडळ त्यांना बुवाच म्हणतं, आणि त्यांनाही ते आवडत असावं. ‘असावं’ म्हणतो, कारण बुवांना काय आवडतं हे कळायला साधारण एक ऋतू जावा लागतो.

बुवा बोलत नाहीत. मुके नाहीत, पण आपण केशर जसं वापरतो तसे ते शब्द वापरतात. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा चिंचवडच्या संस्काराला जागून मी बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. दार उघडलं. आत एक उंच, पांढऱ्या केसांचा, नुकताच बर्फातून बाहेर काढल्यासारखा गृहस्थ. मी माझं नाव, गाव, नोकरी, बायकोचं माहेर, ऑकलंडचं ट्रॅफिक आणि लाडवात किती तूप जातं, असं सगळं सांगितलं. ते डब्याकडे बघत राहिले. मग “हं” म्हणाले आणि डबा घेऊन दार लावलं. मी घरी येऊन सांगितलं, “माणूस खडूस आहे.” पुढच्या शनिवारी बेल वाजली. बुवा दारात, हातात घासून पुसून लखलखीत केलेला डबा. माझ्या डोळ्यांत खोलवर बघत ते म्हणाले, “वेलची.” आणि गेले. आठवडाभर हा माणूस त्या लाडवातल्या एका चवीचा शोध घेत होता! त्यांची बायको इथलीच, शाळेतल्या मुलांचे दात तपासण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेली, हसरी आणि बोलकी. तिला आम्ही वहिनी म्हणतो. ती कुंपणावरून म्हणाली, “तू त्याला फार आवडलायस हं.”

“कशावरून?”

“दार उघडलं ना त्याने!”

माझी मुलगी इथेच जन्मली. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. तिने निकाल दिला, “बाबा, ही इज नॉट वीअर्ड. ही इज जस्ट फिनिश.”

पण बोलण्यात वाचवलेलं सगळं लक्ष बुवा ऐकण्यावर उधळतात. आमचं फाटक कुरकुरायचं. एका रविवारी मी तेलाचा डबा घेऊन बिजागरीपाशी बसलो, तर बुवा पावसात, पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी सपाता, अंगात घरचा झगा, तसेच धावत आले. “नको!” मला वाटलं, माझ्या पायाखाली गोगलगाय आहे. ते गुडघ्यावर बसले, फाटक हळूच उघडलं, हळूच लावलं. “उघडताना हे प्रश्न विचारतं,” ते म्हणाले, “लावताना उत्तर देतं. तेल घातलंत तर दोघंही मरतील.” आता हे ऐकल्यावर कोणता सहृदय माणूस तेल घालेल? फाटक आजही तसंच आहे. “पाहुण्यांना वाटतं आपण चिकट आहोत,” बायको म्हणते. एकदा त्यांनी तिची पितळेची परात मागून नेली. ही परात तिच्या आजीची. तिच्यात कणकेशिवाय दुसरं काही घडल्याचं कोणाला आठवत नाही. फार दिवस आली नाही म्हणून विचारायला गेलो, तर म्हणाले, “ती तिसऱ्या भागात आहे.” म्हणजे काय हे आम्हाला कळलं ते हेलसिंकीच्या एका कार्यक्रमाची पत्रिका वहिनीने आणून दाखवली तेव्हा. वाद्यांच्या यादीत, व्हायोलिन आणि चेलोंच्या खाली, छापलं होतं: भारतीय कणिक-घंटा, एक. बायको तीन दिवस माहेरी फोन करत होती. परात परत आली, पण तिच्या डोक्यात हवा गेली. आता तिच्यात कणिक मळताना आम्ही सगळेच थोडे अदबीने वागतो.

बुवा लिहितात गॅरेजमध्ये. गाडी बाहेर पावसात. आत सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर एक जुनं दार आडवं टाकलेलं, आणि त्यावर चादरीएवढे कागद. त्यांचं म्हणणं असं की संगीत एका वेळी सगळं दिसलं पाहिजे, जसं डोंगरावरून गाव दिसतं. म्हणून एखादा भाग पूर्ण झाला की ते कागद मागच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या गोल छत्रीवर चिमट्यांनी लटकवतात आणि खुर्ची टाकून तासन्तास बघत बसतात. वारा आला की संगीत गरगर फिरतं. मग बुवांना शेवट आधी दिसतो, सुरुवात नंतर, आणि पुष्कळदा तेच त्यांना अधिक पटतं. एकदा मनुकाऊ बंदरावरून असा वारा सुटला की एक अख्खं पान उडून आमच्या दोरीवर येऊन पडलं. संध्याकाळी पावसाची चिन्हं बघून बायकोने घाईघाईत सगळे कपडे गोळा केले आणि सवयीप्रमाणे बेडशीटबरोबर त्या पानाचीही चौपदरी घडी घालून कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी सापडलं. आम्ही दोघं खाली मान घालून ते घेऊन गेलो. बुवांनी पान उलगडलं. घडीच्या रेघेवर बोट फिरवलं. मग पेन्सिल घेतली आणि जिथे जिथे घडी पडली होती तिथे तिथे सगळ्या वाद्यवृंदाला गप्प बसवलं. “इथे मला श्वास हवाच होता,” ते म्हणाले. बायको तेव्हापासून कपड्यांच्या घड्या घालण्याला ‘काम’ म्हणत नाही.

लिंबाच्या झाडामागे त्यांनी स्वतःच्या हाताने एक लाकडी खोपटं बांधलंय. ते सौना. त्यात तापलेल्या दगडांवर पाणी ओतून वाफ करायची आणि माणसाने स्वतःला मोदकासारखं उकडून घ्यायचं. एके दिवशी बुवा मला म्हणाले, “शनिवारी.” वहिनीने खुलासा केला की हा फार मोठा सन्मान आहे, नाही म्हणायचं नसतं. मी टॉग्ज, म्हणजे इथली पोहायची चड्डी, चढवून, वरून टॉवेल गुंडाळून, पाण्याची बाटली घेऊन हजर झालो. बुवा माझ्या टॉग्जकडे अशा नजरेने बघत राहिले, जणू शांत प्रसंगी कोणी भलताच भोंगा वाजवला. ते स्वतः, कसं सांगू, जन्माला आले होते त्याच वेषात होते. “हे कशाला?” त्यांनी विचारलं. “संस्कार,” मी म्हणालो. आम्ही मराठी माणसं बाथरूममध्ये एकटे असलो तरी दोन कड्या लावतो, हे त्यांना कोण सांगणार? मी टॉग्जमध्येच बसलो आणि पूर्ण वेळ छताकडे बघत राहिलो. त्या छताच्या फळ्यांवरची गाठ न् गाठ मला आजही पाठ आहे. पण तिथे, त्या वाफेत, एक चमत्कार झाला. बुवा बोलले. सलग.

“माझ्या लहानपणी,” ते म्हणाले, “आमच्या खेड्यात म्हातारी माणसं प्रार्थनेला जमायची आणि गायची. गाणं एकच. पण प्रत्येकाचा सूर वेगळा. वेग वेगळा. कोणी पुढे, कोणी मागे. वाऱ्यात रान हलतं ना, तसं. रानातली सगळी झाडं एकदम एका बाजूला थोडीच वाकतात? मग शहरातून एक शिकलेला गृहस्थ आला. त्याने पेटी आणली. सगळ्यांना एका सुरात गायला शिकवलं.”

“मग?” मी छताला विचारलं.

त्यांनी दगडांवर पाणी ओतलं. चर्र झालं. “मग सगळे छान गायला लागले,” ते म्हणाले.

‘छान’ हा शब्द इतका उदास असू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

नंतर वहिनीकडून बाकीचं कळलं. कुंपणाच्या अलीकडे मी, पलीकडे ती, मधे तिने तोडलेली लिंबं. बुवांनी जन्मभर जे काही लिहिलं, ते सगळं त्या म्हाताऱ्यांचं गाणं पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून. वेलिंग्टनला एका नावाजलेल्या गायकवृंदाकडून त्यांनी तसं गाऊन घ्यायचा प्रयत्नही केला. प्रत्येक गायकासाठी वेगळी ओळ लिहिली, वेगळा वेग लिहिला. पण ती शिकलेली मंडळी! बिचारी चुकायचं म्हटलं तरी मोजून मापून चुकत होती. कार्यक्रम उत्तम झाला. बुवा परतीच्या प्रवासात खिडकीतून बाहेर बघत बसले. “आणि आता त्याचा डावा कान गेलाय,” वहिनी म्हणाली. “उजवाही चाललाय. डॉक्टर म्हणाली, ऐकू येण्याचे थोडेच दिवस उरलेत. मशीन लावलं तरी बोलणं कळेल, गाणं नाही कळणार.” ती लिंबं निवडत होती आणि एकच लिंबू पुन्हा पुन्हा पुसत होती. “त्याला ते एकदा ऐकायचंय, बस. पण इथे कोण गाणार तसं?”

आता, वाचकहो, तुम्ही मराठी आहात. तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या मात्र आलं नव्हतं. मी त्या दोघांना मंडळाच्या गणपतीला बोलावलं ते केवळ मोदकांसाठी.

माउंट रॉस्किलजवळचा भाड्याचा हॉल. निरांजन बॅटरीचं, कारण मागच्या वर्षी कापराने स्मोक अलार्म वाजून अग्निशमन दलाचे दोन बंब आरतीला आले होते. साधारण चाळीस माणसं, आणि आरती सुरू झाली. आपली आरती कशी असते ते मी तुम्हाला काय सांगू? देवळात जाताना प्रत्येक जण जशी स्वतःची चप्पल घालून जातो, तशी आरतीला प्रत्येक जण स्वतःची पट्टी घेऊन येतो. नागपूरची मंडळी पुढे निघून जातात. कोल्हापूरची आवाजाने भिंत मागे सरकवतात. सॉफ्टवेअरवाली पोरं फोनवर शब्द बघत अर्धी ओळ मागून येतात. झांजवाल्याची स्वतंत्र विचारसरणी असते. आणि या सगळ्यांच्या मधोमध आमच्या काकू. काकू रत्नागिरीकडच्या, नातवंडं सांभाळायला म्हणून आल्या आणि इथल्याच झाल्या; सत्तरी केव्हाच ओलांडलेली, मंडळाच्या न निवडलेल्या अध्यक्ष. त्यांचा आवाज सगळ्यांच्या खालून, दगडी, आणि डोळे घट्ट मिटलेले. चाळीस माणसं चाळीस वाटांनी एकाच देवाकडे निघालेली, आणि तरी कोणी कोणाला सोडून जात नाही.

मी सहज बुवांकडे बघितलं. ते उजवा कान पुढे करून उभे होते. चेहऱ्यावर असं काही तरी चाललं होतं, जे मी त्या चेहऱ्यावर कधी बघितलं नव्हतं. वहिनीने माझा दंड धरला. इतका घट्ट, की दुसऱ्या दिवशी तिथे काळंनिळं होतं. आरती थांबली. बुवा काकूंसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “पुन्हा.”

“काय म्हणतायत हे?” काकूंनी मला विचारलं.

“पुन्हा म्हणा म्हणतायत.”

“अगोबाई! सांग त्यांना, प्रसाद घ्या आता. पुन्हा उद्या.”

बुवा दुसऱ्या दिवशी आले. तिसऱ्या दिवशी आले. विसर्जनापर्यंत रोज आले. “मोदक लागलेत गोड गोऱ्या काकांना,” काकू म्हणायच्या आणि त्यांच्या ताटात दोन जास्त वाढायच्या. पण मी बघत होतो ना. बुवांचं मोदकाकडे लक्षच नसायचं. विसर्जन झाल्यावर ते आमच्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसले आणि बराच वेळ मिठाच्या भांड्याकडे बघून म्हणाले, “मला ती माणसं हवीत.”

“कुठे?”

“स्टेजवर.”

इथल्या एका वाद्यवृंदाने त्यांच्याकडे नवीन रचना मागितली होती. बुवांनी ठरवलं, शेवटच्या भागात वाद्यवृंद फक्त एक लांब स्वर धरून ठेवील, तळ्यासारखा, आणि त्यावर आमचं मंडळ आरती म्हणेल. जशी हॉलमध्ये म्हणतं तश्शीच. बदल शून्य. मंडळात खळबळ माजली. देवाची आरती स्टेजवर म्हणायची का, यावर चर्चा सुरू झाली आणि ती नेहमीप्रमाणे समोसे कोणाकडून मागवायचे या विषयावर पोचली, तेव्हा काकूंनी ती संपवली. “देवाचं नाव आहे, कुठेही घ्यावं,” त्या म्हणाल्या. “फक्त साडी कुठल्या रंगाची ते आधी सांगा.”

आणि मग ती चूक झाली, जी जगाच्या पाठीवर फक्त आमच्याच हातून होऊ शकते. माणसं चांगली असली की असंच होतं. त्याच सुमारास ऑफिसने मला वेलिंग्टनला पाठवलं. सरकारी काम, ते लांबलं. बायको फोनवर कधी खुदकन हसायची आणि म्हणायची, “बुवांना सरप्राइज आहे. तुला सांगणार नाही, तुझ्या पोटात काही राहत नाही.” मी परत आलो आणि बुवांबरोबर थेट तालमीला गेलो, वाद्यवृंदासह होणाऱ्या शेवटच्या तालमीला. मंडळ स्टेजवर आलं. सगळे काळ्या कपड्यांत. उंचीप्रमाणे ओळीत. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे. हातात फाइली. आणि पुढे ऑकलंडच्या पार उत्तर टोकाला, अल्बनीत, गाणं शिकवणाऱ्या बाई, विशारद झालेल्या, शिस्तीच्या, त्यांच्यासमोर पेटी. बाईंनी सूर दिला. मंडळ गायला लागलं.

काय सांगू! एक सूर. एक ताल. एक श्वास. ज्या माझ्या मित्राला आम्ही वर्षानुवर्षं ‘मिक्सर’ म्हणत आलो, तो रेशमासारखा गात होता. नागपूर थांबलं होतं, कोल्हापूर कुजबुजत होतं, झांज तर गायबच होती. एवढ्या मोठ्या माणसाने आपल्याला बोलावलं, मग आपण नीट नको का करायला, म्हणून ही मंडळी शनिवार-रविवार बसने, गाड्यांनी अल्बनीला जाऊन सूर घोटत होती! वाद्यवृंदातल्या लोकांनी टाळ्यांच्या जागी कौतुकाने पाय आपटले. सगळ्यांनी मोठ्या आशेने बुवांकडे बघितलं.

“छान,” बुवा म्हणाले.

बुवांनी शांतपणे कोट घातला, सगळ्यांना नमस्कार केला आणि पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसले. “येह, नाह,” वहिनी इथल्या रीतीप्रमाणे हो आणि नाही एका दमात म्हणाली, “कार्यक्रम सुंदर होईल. तो काही बोलणार नाही.” आणि ती रुमाल शोधायला लागली.

मी मंडळाला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. खेडं, पेटी, कान. अल्बनीच्या बाईंचा चेहरा एवढासा झाला. “म्हणजे मी शिकवलं ते...”

“तुम्ही इतकं उत्तम शिकवलंत बाई, की गळ्याशी आलंय.”

“सोपं आहे,” मिक्सर म्हणाला, “आता बेसूर गाऊ.” आम्ही प्रयत्न केला. देवा! मुद्दाम केलेला बेसूर म्हणजे मोठ्या माणसाने बोबडं बोलावं तसा. आणि पुन्हा वर सगळे एकाच जागी, एकाच वेळी, एकसारखे बेसूर होत होते. बाईंची शिकवणच तशी पक्की. काकू म्हणाल्या, “अरे, मी साठ वर्षं न चुकता म्हणत आले, आता चुकायचं कसं ते कोण शिकवणार?” माझ्या बायकोने मात्र पदर खोचला. “पेटी गाडीत ठेवा. फाइली माझ्याकडे द्या. नवरा-बायकोंना शेजारी शेजारी उभं करा, आपोआप एकमेकांचं ऐकणार नाहीत. आणि झांजा कुठेत झांजा?”

तेवढ्याने अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं मी कार्यक्रमाच्या दिवशी पडद्यामागे केलं, आणि माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात देखणं पाप आहे. मी एकेकाला कोपऱ्यात गाठलं. “काका, कोणाला सांगू नका, पण सगळे तुमच्या आवाजावर चालणार आहेत. तुम्ही सोडलंत तर गेलंच.” “मावशी, बाकीच्यांचं ऐकू नका, ते घाबरलेत. खरी चाल फक्त तुम्हाला येते.” “दोस्ता मिक्सर, आज तूच.” कोणीही, अगदी कोणीही, ‘मीच का?’ असं विचारलं नाही. मराठी माणसाला आपणच पुढारी आहोत हे पटवायला पुरावा लागत नाही. अल्बनीच्या बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “ते मला माहीतच होतं.” काकूंनी माझ्याकडे निरखून बघितलं. “सगळ्यांना हेच सांगतोयस ना रे?” “हो काकू.” “बरं केलंस,” त्या म्हणाल्या, “पण माझं खरंय.”

हॉल भरलेला होता. बुवा तिसऱ्या रांगेत, उजवा कान स्टेजकडे वळवून. वाद्यवृंदाने आपला तो लांब स्वर धरला, आणि आमचे चाळीस पुढारी एकदम सुटले. नागपूर निघालं. कोल्हापूरने छप्पर गाठलं. मिक्सर लागला. नवरे बायकांना मागे खेचू लागले, बायका नवऱ्यांना पुढे ढकलू लागल्या, झांजेने आपलं मत मांडलं. अल्बनीच्या बाई डोळे मिटून कोणत्या तरी फार जुन्या, लहानपणीच्या पट्टीत गात होत्या, विशारद होण्याच्या खूप आधीच्या. मीही गात होतो, आणि शपथेवर सांगतो, सगळे माझ्याच मागून येत होते. त्या तळ्यासारख्या स्वरावर आमचा तो गलका असा काही तरंगला की मला पहिल्यांदाच कळलं, वाऱ्यात रान हलतं म्हणजे काय. मी बुवांकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला होता.

मग सगळे थांबले. जिथे आपण एरवी थांबतो तिथेच. वाद्यवृंद थांबला. वाद्यवृंदाला हाताने चालवणाऱ्या संचालिकेने हात खाली आणले. लोकांचे हात टाळीसाठी वर आले.

आणि काकू थांबल्या नाहीत. आपण सगळे थांबतो त्याच्या पुढेही एक कडवं असतं, त्यांच्या गावाकडे म्हणत असावेत. ते आमच्यापैकी कोणालाच येत नव्हतं. आमच्या आयांनीही जेवणाच्या घाईत ते कधीच सोडून दिलं होतं. काकूंनी डोळे मिटून ते उचललं. एकटा, दगडी, थोडासा थरथरणारा आवाज, त्या एवढ्या मोठ्या शांततेत. समोर लोक गोंधळले. संचालिकेने माझ्या बायकोला खूण केली. बायकोने हळूच काकूंच्या कोपराला हात लावायला हात पुढे केला, आणि इतक्या वर्षांच्या शेजारात ज्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता ते बुवा तिसऱ्या रांगेतून ताडकन उभे राहून अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असे ओरडले, “काकूंना थांबवू नका!”